लेडीज खिडकीचा नियम

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं सांगायला मंडळाचे चिटणीस घरी आले तेव्हा मी आधी हसलेच. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकात कोणी निवृत्त डॉक्टर लिहितात, कोणी प्राध्यापक, कोणी रेल्वेतले साहेब. मी सत्तावीस वर्षं एका टॉकीजच्या लेडीज खिडकीत बसून तिकिटं फाडली. त्यात लिहिण्यासारखं काय? ‘तेच लिहा, वहिनी, लोकांना गंमत वाटेल,’ ते म्हणाले. गंमत आहे, नाही असं नाही. पण जी गोष्ट मनात रुतून बसली आहे ती गमतीची नाही. आधी थोडी गंमत सांगते, म्हणजे पुढचं वाचायला तुम्ही टिकाल.

माझे यजमान याच टॉकीजमध्ये कारकून होते. ते अचानक गेले आणि मालकांनी मला खिडकीवर बसवलं. आम्ही शिंदे की छावनीत राहणारे. सासरकडे पणजोबांपर्यंत सगळे शिलेदार, घोडा आणि तलवार यांच्यापलीकडे बोलणं नाही. घरची सून सिनेमाची तिकिटं विकते म्हटल्यावर चुलतसासऱ्यांनी वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पुढे त्यांच्याच धाकट्या सुनेला एका गाजलेल्या पिक्चरचं पहिल्या दिवसाचं तिकीट हवं झालं, तेव्हा त्यांना बरोबर माझ्या घरी येऊन तहान लागली.

बाहेरच्यांना हे काम माहीत नसतं म्हणून सांगते. जाड भिंतीत वीतभर भोक, वर जाळी, जाळीवर वर्षानुवर्षांची धूळ. बाहेरून हात आत येतो, मी त्यावर तिकीट ठेवते, हात बाहेर जातो. चेहरा बघायचा तर मला टेबलावर ओणवं व्हावं लागे. समोर प्लॅन असायचा, म्हणजे सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा. खुर्ची गेली की तिच्यावर लाल पेन्सिलने फुली. मला मात्र प्लॅन नावालाच लागे. पोस्टातल्या बाई पंख्याखाली, गुडघेदुखीवाल्या आजी पायऱ्यांजवळ, गर्भारशीला दाराजवळची कडेची खुर्ची, हे सगळं तोंडपाठ. कोण कुठे बसलंय हे शो सुटेपर्यंत मी डोळे मिटून सांगू शकत असे. आणि हातांवरून माणूस ओळखायचे. मेंदी कुठली, बांगड्या नव्या की माहेरच्या, बोटं भांडी घासून सोललेली की शाई लागलेली. या दोन गोष्टींचा मला गर्व होता. असायलाच हवा होता असं तेव्हा वाटायचं.

दर तीन-चार वर्षांनी त्या गुप्तहेराच्या मालिकेतला नवा भाग यायचा. नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. आमच्याकडे सगळे ‘एजंटवाला’ म्हणत. एजंटवाला लागला की पुरुषांच्या रांगेत डोकी फुटायची आणि लेडीज रांग छोटी असल्यामुळे सगळे भाऊ, दीर, नवरे आपापल्या घरच्या बाईला माझ्याकडे पाठवायचे. ज्यांच्या घरी बाई नाही त्यांची अक्कल आणखी चालायची. तिसऱ्या भागाच्या वेळी एक हात आत आला, कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि मनगटावर गोंदवलेले बजरंगबली. मी म्हटलं, “भैया, चूड़ी अच्छी है, पर नाप बड़ा लेना था.” बाहेर जो हशा उसळला! हात आत अडकला, चुडा फुटला, आणि शेवटी मीच तेल लावून तो हात सोडवला. तिकीट दिलं त्याला. एवढी मेहनत केली होती बिचाऱ्याने.

एक निवृत्त हेडमास्तर होते. प्रत्येक भागाला वहीपेन्सिल घेऊन बसायचे आणि शो सुटल्यावर माझ्या खिडकीशी येऊन चुका वाचून दाखवायचे. “सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून त्याने अकरा झाडल्या, बाई. मी मोजल्या.” मी म्हणायचे, “मग पुढच्या वेळी येऊ नका.” ते गंभीरपणे म्हणत, “वा, मग मोजणार कोण?”

आता नियमाबद्दल. पहिल्या दिवशी आमचे जुने मॅनेजर गुप्ताजी मला म्हणाले होते, “देखिए, खिड़की पर जो दिखा, वो खिड़की में ही रहेगा. कौन आया, किसके साथ आया, कहाँ बैठा, भगवान पूछे तो भी नहीं बताना.” कोणाच्या घरी आजारपण निघालं, काही झालं, तर त्याचीही रीत ठरलेली होती. निरोप घेऊन येणाऱ्याला आत सोडायचं नाही. त्याला ऑफिसात बसवायचं, गेटकीपर रामस्वरूप आत जाऊन हळूच नाव पुकारणार, आणि ज्याचं नाव त्याने बाहेर यायचं, यायचं असेल तर. हे शेवटचं गुप्ताजी दोनदा म्हणाले होते.

मी तो नियम पाळला. एकदा पडाव भागातल्या एका हॉटेलवाल्याची बायको भर दुपारी आली, नवरा कोणाला घेऊन आलाय ते सांगा म्हणून जाळी हलवायला लागली. तो बाल्कनीत तिसऱ्या रांगेत होता, कोणाबरोबर तेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “बहनजी, मैं तो हाथ देखती हूँ, चेहरा नहीं.” ती रडत गेली. मला वाईट वाटलं, पण बोलले नाही. एकदा एका हवालदारालाही हेच उत्तर दिलं होतं. पुढे मॉल झाले, मोबाईलवर तिकिटं निघायला लागली, तरी आमची लेडीज खिडकी चालू राहिली ती याच नियमावर. मोबाईलवर काढलेलं तिकीट घरात सगळ्यांना दिसतं. खिडकीवरचं चघळून थुंकता येतं.

एजंटवाल्याचा शेवटचा भाग माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी लागला. गुप्ताजी तोवर वारले होते, नवा मॅनेजर आला होता. सकाळपासून रांग. दुपारच्या शोच्या आधी एक ओळखीचा हात आत आला, नखं बारीक कापलेली, बोटांना औषधाचा वास. नीलू. कंपू भागातल्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकणारी मुलगी, आमच्याच मराठा समाजातली, घर शहराच्या लष्कर भागात. शाळेत असल्यापासून आईबरोबर यायची, मग मैत्रिणींबरोबर. मागच्या भागालाही आली होती.

“काकू, दोन द्या ना. बाल्कनी, एकदम मागची लाइन.”

“दोन? मैत्रीण कुठली गं?”

हात थोडा घुटमळला. “मैत्रीण नाही, काकू. अरुण. पडावला मोबाईल रिपेअर करतो. बहुत अच्छा है. प्लीज, किसी को बोलना मत हं. घरी मी ड्यूटी आहे म्हणून सांगितलंय.”

मी वाकून पाहिलं. तिच्यामागे एक सडपातळ मुलगा उभा होता, बोटांवर बारीक चटक्यांचे डाग. त्याने मला हात जोडून नमस्कार केला. मी म्हटलं, “जा गं, मी काय पोलीस आहे?” शेवटची रांग, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. लाल फुल्या मारल्या.

शो सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. खिडकी बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात जाळीशी आवाज आला. मराठी आवाज.

“काकू, नमस्कार. मी नीलूचा दादा, विक्रम. बाबांना अटॅक आलाय हो. कंपूत अ‍ॅडमिट करून आलो. तिला फोन लावून लावून थकलो, बंद येतोय. स्कूटी तिची तुमच्या स्टँडवर दिसली. कुठे बसलीय, जरा सांगून द्या ना.”

हे मी किती वेळा मनात परत ऐकलंय! दिवसभर या खिडकीवर हिंदीच बोलायची. ‘आंटी’, ‘मैडम’, ‘ओ माताजी, जल्दी’. त्यात कोणी ‘काकू’ म्हटलं की मी विरघळायचे. आपला माणूस, आपल्या समाजाचा, वडील हॉस्पिटलात. त्याला ऑफिसात बसव, रामस्वरूपला आत पाठव, ही रीत मला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मनात म्हटलं, ही रीत बाहेरच्यांसाठी. घरच्यांना कसली रीत?

मी म्हटलं, “शेवटची रांग, डावा कोपरा. आणि घाबरू नकोस रे बाळा, ती एकटी नाही. अरुण आहे तिच्याबरोबर. चांगला मुलगा आहे, पडावला दुकान आहे त्याचं. धावपळीला उपयोगी पडेल तुम्हाला.”

त्याने विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. त्याला बहुतेक नुसता संशय होता. नाव, दुकान, बाजूची खुर्ची, सगळं मी पुरवलं.

“थँक यू, काकू,” तो म्हणाला. हात जाळीवरून शांतपणे बाजूला झाला. मनगटात चांदीचं कडं होतं, बोटं स्थिर होती. ज्याचा बाप अर्ध्या तासापूर्वी कोसळला त्याचा हात असा नसतो. हातांवरून माणूस ओळखणारी मी, तो हात माझ्या नाकासमोर होता. वर मी रामस्वरूपला हाक मारून सांगितलं, “इनको जाने दे, घर में तकलीफ है.” त्याच्यामागे आणखी तिघे गेले हे मला नंतर कळलं.

खिडकी बंद करून एजंटवाल्याचा थोडा भाग बाल्कनीच्या दाराशी उभं राहून बघायचा, ही माझी पहिल्या भागापासूनची सवय. त्या दिवशीही गेले. तिला आधार द्यावा असंही मनात होतं. आणि खरं सांगते, पिक्चर फार छान होता. सगळ्या भागांत हाच सरस. नायक आता वयस्कर झालेला, पळताना त्याला धाप लागते आणि तो स्वतःलाच हसतो. मी गेले तेव्हा तो उतारावरून दुधाचा टँकर पळवत होता. मागून टँकर फुटलेला, सगळ्या गल्लीभर दूध, आणि त्याच्या मागे लागलेले बंदूकवाले मोटारसायकलींसकट एकेक करून घसरून पडताहेत. सगळं थिएटर उभं राहून शिट्ट्या वाजवत होतं. मीही हसत होते. दाराला टेकून, पोट धरून हसत होते.

शेवटच्या रांगेत चौघे उभे दिसले. वाटलं, नाचताहेत. मग पडद्यावर उजेड झाला आणि विक्रमच्या मुठीत नीलूचे केस दिसले. दुसऱ्या हाताने तो मारत होता, एका लयीत. पडद्यावर एवढी आदळआपट चाललेली, खऱ्या थपडांचा आवाज कोणाला येणार? मी ओरडले, “अरे, सोड तिला!” माझं मलाच ऐकू आलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून पाहिलं आणि परत पडद्याकडे तोंड केलं. बाजूच्या दाराने त्यांनी दोघांनाही बाहेर काढलं.

मी जिना उतरून जाईपर्यंत नीलूला गाडीत कोंबलं होतं. अरुण सायकल स्टँडवर पडला होता. स्कूटरला लावायची साखळी असते ना, तिने मारलं होतं. त्याचा डावा डोळा मी पाहिला. ते लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. अरुणच्या वडिलांनी तक्रार द्यायला नकार दिला होता. मोठ्या लोकांशी वैर नको, एक मुलगी लग्नाची आहे म्हणाले. तरी चौकशी म्हणून तो आला. नव्या मॅनेजरने मला आधीच केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “मैडम, टॉकीज का नाम खराब नहीं होना चाहिए. आपका तो पुराना नियम है ना, खिड़की की बात खिड़की में.” हवालदाराने विचारलं, कोण आलं होतं, ओळखाल का? माझ्या तोंडून निघालं, “मैं तो हाथ देखती हूँ, चेहरा नहीं.” त्याने लिहून घेतलं. गुप्ताजींनी तो नियम पांघरूण म्हणून दिला होता, येणाऱ्यांच्या अंगावर घालायला. मी तो आपल्याच अंगावर ओढून घेतला.

चार दिवसांनी धीर करून कंपूच्या हॉस्पिटलात गेले. अरुणच्या डोळ्यावर पट्टी, जबडा तारांनी बांधलेला. डोळा गेलाच होता. त्याने मला ओळखलं. मी खिडकीत काय बोलले हे त्याला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. दातांतून हळूहळू बोलला, “आंटी, वो ठीक है ना?” मी मान हलवली. म्हणाला, “आप लोग मराठी हैं, आपका मिलना हो जाएगा. उसको बस इतना बोल देना कि मैं ज़िंदा हूँ. और कुछ मत बोलना.” त्याची आई मला संत्रं सोलून देत होती. मी खाल्लं. नाही कसं म्हणणार?

नीलूचं कॉलेज बंद झालं. फोन काढून घेतला. मी दोनदा त्यांच्या गल्लीतून जाऊन आले, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. दार वाजवायची हिंमत झाली नाही. मग दोन महिन्यांनी तेच माझ्याकडे आले. नीलूची आई आणि वडील, हातात पत्रिका आणि साडी. अटॅक आलेला माणूस ठणठणीत माझ्या खुर्चीत बसून बशीतून चहा प्यायला.

“मुलगा देवासचा आहे, घराणं चांगलं,” ते म्हणाले. “तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून अब्रू वाचली. आजकाल आपल्या माणसांचं कोण बघतं? तुम्ही बघितलंत.”

नीलूच्या आईने साडी माझ्या हातात ठेवली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

साडी परत करायला हवी होती, दोन शब्द सुनावायला हवे होते, असं आज वाटतं. तेव्हा मी साडी घेतली आणि मनाची समजूत घातली की लग्नाला गेले तर नीलू भेटेल, निरोप सांगता येईल. मला तेवढंच काम उरलं होतं. एक डोळा मी कोणाला परत देऊ शकत नव्हते, निरोप देऊ शकत होते.

लग्न लष्करातच, मोठ्या कार्यालयात. मला पहिल्या रांगेत बसवलं. विक्रम स्वतः सरबत घेऊन आला, माझ्या पाया पडला. “काकू नसत्या तर,” असं दोन-तीन पाहुण्यांना सांगत माझी ओळख करून दिली. लोक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि मग नवरानवरी मोठ्यांच्या पाया पडत आमच्या रांगेशी आली. नवरा पुढे सरकला. नीलू माझ्यापुढे वाकली, आणि वाकलेलीच राहिली. गालावरच्या पावडरीखाली एक जुना पिवळा डाग होता. तिने माझे पाय धरले ते नमस्कारासाठी नव्हे, पडू नये म्हणून धरावेत तसे.

“काकू,” ती खालूनच कुजबुजली. “दादा म्हणतो तो मेला. मला काही नको. एवढंच सांगा, आहे ना तो?”

विक्रम तिच्यामागे अक्षतांचं ताट घेऊन उभा होता. माझ्याकडे पाहून हसत होता. बँड वाजत होता, आजूबाजूला सगळे बोलत होते. मी हळू बोलले असते तर तिच्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसतं. गेलं असतं तरी माझं काय होणार होतं? साठीची विधवा बाई, फार तर पहिल्या रांगेतून उठवलं असतं.

‘आहे’ एवढंच म्हणायचं होतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अखंड सौभाग्यवती भव.”